आयटीआय-डिप्लोमाच्या मुलांचा रेझ्युमे: हातानं केलेलं काम कागदावर आणायचं कसं?

शिल्पनिदेशक

नमस्कार मंडळी. मी नाशिकजवळच्या एका आयटीआयत फिटर आणि मशिनिस्टच्या मुलांना शिकवतो. कॅम्पस मुलाखतींच्या आधी मुलांचे रेझ्युमे माझ्या हातून जातात आणि दरवर्षी तेच पाहून जीव तुटतो. पन्नास मुलांचे पन्नास कागद, पण वाचताना एकाच मुलाचे वाटतात.

कारण सगळ्यांना माहीत आहे. संस्थेजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात एक फाइल कायमची सेव्ह असते. नाव, पत्ता, टक्के बदलले की प्रिंट तयार. वर करिअर ऑब्जेक्टिव्ह म्हणून 'टू वर्क इन अ चॅलेंजिंग एन्व्हायर्नमेंट' छापाचं वाक्य. मग शिक्षणाचा तक्ता. मग छंद: क्रिकेट खेळणे, गाणी ऐकणे. शेवटी वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती आणि वरील माहिती खरी असल्याची ग्वाही. फिटरचा पोरगा दोन वर्षं बेंचवर उभा राहून फायलिंग करतो, ड्रिलिंग-टॅपिंग करतो, लेथवर हात बसवतो. त्यातलं एक अक्षर त्या कागदावर नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे: तुमचा रेझ्युमे दुकानातल्या फाइलीत नाही, तुमच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये आहे. प्रत्येक जॉबचं (प्रॅक्टिकलला बनवलेल्या तुकड्याचं) ड्रॉइंग, मटेरियल, टॉलरन्स (मापात चालणारा फरक), वापरलेली टूल्स, निदेशकांची सही, सगळं तिथे आहे. ते घेऊन बसा. ज्या जॉबबद्दल तुम्ही पाच मिनिटं न अडखळता बोलू शकता असे चार-पाच निवडा. तेवढेच लिहा.

एक उदाहरण देतो. एका मुलानं लिहिलं होतं, 'नॉलेज ऑफ फिटिंग वर्क'. त्याला विचारलं, कुठला जॉब चांगला जमला? म्हणाला, स्क्वेअर फिटिंग. मटेरियल? एमएस फ्लॅट, म्हणजे माइल्ड स्टीलची पट्टी. टॉलरन्स? अधिक-उणे 0.04. मोजलं कशानं? व्हर्नियर आणि मायक्रोमीटर. मग आम्ही ती ओळ अशी केली:

'एमएस फ्लॅटवर मेल-फीमेल स्क्वेअर फिटिंग, टॉलरन्स ±0.04 मिमी. मार्किंग, हॅकसॉइंग, फायलिंग स्वतः. मोजमाप: व्हर्नियर कॅलिपर (लीस्ट काउंट 0.02 मिमी), आउटसाइड मायक्रोमीटर (0.01 मिमी).'

मुलाखतीत समोरच्या सुपरवायझरला ही ओळ दिसली की तो पहिला प्रश्न याच जॉबवर विचारतो. कोपरा कसा काढलास, गॅप कुठे राहिला, तो कशानं तपासलास. पोराला घाम फुटत नाही, कारण ते त्यानं स्वतःच्या हातानं केलेलं असतं. नुसतं 'नॉलेज' लिहिलं की प्रश्न कुठूनही येतो आणि पोरगं गडबडतं.

ऑब्जेक्टिव्ह काढून टाका. त्याजागी दोन ओळी: ट्रेड, पास झाल्याचं वर्ष, प्रमाणपत्र एनसीव्हीटीचं (केंद्राचं) की एससीव्हीटीचं (राज्याचं), कोणत्या मशीनवर हात बसला आहे आणि कोणतं काम हवं आहे. धर्म, जात, वैवाहिक स्थिती, वडिलांचा व्यवसाय यांचा मशीन चालवण्याशी काही संबंध नाही, तेही काढा. फ्रेशरला एक पान पुरतं.

कव्हर लेटरचं नाव काढलं की मुलं घाबरतात. त्यांना वाटतं ते मोठ्या साहेबांचं काम. ईमेलमध्ये नुसती फाइल जोडून वर काहीच न लिहिता पाठवतात. माझ्या मते पाच-सहा ओळी पुरतात. नमुना म्हणून देतो, तसाच्या तसा उचलू नका (यातलं व्हीएमसी म्हणजे संगणकाच्या प्रोग्रामवर चालणारं मिलिंग मशीन आणि टूल ऑफसेट घेणं म्हणजे टूलचं माप मशीनला देणं):

'नमस्कार. आपल्या अंबड येथील कारखान्यात व्हीएमसी ऑपरेटरची जागा असल्याचं आमच्या संस्थेच्या फलकावर वाचलं. मी यंदा मशिनिस्ट ट्रेड (दोन वर्षे, एनसीव्हीटी) पूर्ण केला आहे. मिलिंग मशीनवर कीवे आणि स्लॉट कटिंगचे जॉब केले आहेत. संस्थेतल्या व्हीएमसीवर (फॅनुक कंट्रोल) टूल ऑफसेट घेणं आणि तयार प्रोग्राम चालवणं शिकलो आहे. स्वतंत्र प्रोग्रामिंग अजून केलेलं नाही, शिकायची तयारी आहे. सातपूरला राहतो, तिन्ही शिफ्टला येऊ शकतो. रेझ्युमे सोबत जोडला आहे.'

यात एक वाक्य फार मोलाचं आहे, 'स्वतंत्र प्रोग्रामिंग अजून केलेलं नाही'. मुलं ते लिहायला कचरतात. पण जे येत नाही ते सांगितल्यावर जे येतं म्हणता त्यावर वाचणाऱ्याचा विश्वास बसतो.

कंपन्यांमधली, भरतीतली मंडळी इथे असतील तर त्यांनी जरूर लिहावं. मुलांना मी लिंक देणार आहे.

चाकणची_एचआर

सर, धाग्याबद्दल मनापासून आभार. चाकण पट्ट्यात ट्रेनी आणि अप्रेंटिस भरती बघते. टेबलाच्या या बाजूनं काय दिसतं ते सांगते.

पहिल्या नजरेत मी चार गोष्टी शोधते: ट्रेड किंवा ब्रँच, पासिंगचं वर्ष, राहण्याचं ठिकाण, चालू असलेला फोन. या चार गोष्टी वरच्या तिसऱ्या हिश्श्यात सापडल्या नाहीत तर कागद बाजूला जातो. निर्दयीपणानं नाही, गठ्ठा मोठा असतो म्हणून. फोनचं तर विचारू नका. मुलं सिम बदलतात आणि रेझ्युमेवर जुना नंबर तसाच राहतो. आम्ही निवड करून फोन लावतो आणि तो बंद. दुसरा नंबर म्हणून आई-वडिलांचा किंवा भावाचा द्या आणि घरी सांगून ठेवा की कंपनीतून फोन येऊ शकतो.

गाव लांबचं असेल तर 'चाकण/भोसरी परिसरात राहण्याची तयारी' हे स्पष्ट लिहा. नुसता परभणीचा किंवा जतचा पत्ता दिसला की आम्हाला शंका येते की मुलगा येईल का, टिकेल का. ती एक ओळ शंका दूर करते.

फाइल पीडीएफच पाठवा. मोबाईलवर काढलेला वाकडा फोटो नको. फाइलचं नाव 'न्यू फायनल 2' असेल तर आमच्याकडे शंभर फाइलींत ती हरवते. तुमचं नाव, ट्रेड, वर्ष एवढं फाइलच्या नावात ठेवा. मोठ्या कंपन्यांत रेझ्युमे आधी सॉफ्टवेअर वाचतं. दोन कॉलम, रंगीत पट्ट्या, 'कौशल्य' दाखवणारे गोल-तारे यांत ते अडखळतं. साधी मांडणी ठेवा आणि जाहिरातीत जे शब्द आहेत, उदाहरणार्थ 'टूल ऑफसेट', 'प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स', ते तुम्हाला खरंच येत असतील तर त्याच शब्दांत लिहा.

आणि कृपा करून आधार नंबर, पॅन, बँक खातं रेझ्युमेवर छापू नका. ते निवड झाल्यावर, जॉइनिंगच्या वेळी द्यायचं.

टूलरूम_भोसरी

मी थोडं वेगळं बोलतो. पस्तीस-एक वर्षं टूलरूममध्ये गेली. आमच्याकडे पोरगा आला की त्याच्या हातात एक तुकडा, एक फाइल आणि एक राइट अँगल द्यायचो. अर्ध्या तासात कळायचं. कागद कधी वाचला नाही. लहान शॉपमध्ये आजही मालक हेच करतो. पोरांनी रेझ्युमेत वेळ घालवण्यापेक्षा हात साफ करावा असं मला वाटतं.

शिल्पनिदेशक

काका, तुमच्या पिढीकडूनच आम्ही शिकलो आणि लहान शॉपबद्दल तुमचं बरोबर आहे. पण आता बऱ्याच कारखान्यांत तो तुकडा हातात मिळण्याआधी कागद गेटच्या आत जावा लागतो. अप्रेंटिसशिपचे अर्जसुद्धा केंद्राच्या पोर्टलवर ऑनलाइन भरावे लागतात. ज्याचा हात साफ आहे त्याच पोराचा कागद रिकामा असतो, हे मला सहन होत नाही. म्हणून तर हा धागा.

टूलरूम_भोसरी

हे पटलं. मग एक भर घालतो. पोरांनी लिहिताना मशीनचं नाव लिहावं. 'लेथ' नको. सेंटर लेथ की कॅप्स्टन, थ्री जॉ की फोर जॉ चकवर (जॉब पकडणाऱ्या भागावर) काम केलं, थ्रेड कटिंग केलं का, टूल स्वतः ग्राइंड केलं का. फोर जॉवर जॉब ट्रू करता (बरोबर मध्यावर बसवता) येतो असं लिहिलेला पोरगा मी आधी बोलावीन.

वेल्डर_जालना

सर, माझा ट्रेड वेल्डर आहे, एकाच वर्षाचा. माझ्याकडे लिहायला काहीच नाही असं वाटतं. सुट्टीत मामांच्या फॅब्रिकेशनच्या शेडवर जातो. गेट, ग्रिल, शेतीच्या अवजारांची दुरुस्ती. पगार मिळत नाही, पत्रही मिळणार नाही. ते लिहायचं का?

शिल्पनिदेशक

लिहायचंच, बाळा. तोच तुझा सगळ्यात जमेचा भाग आहे. 'अनुभव' या मथळ्याखाली नको, कारण तिथे लोक पत्र मागतात. 'संस्थेबाहेर केलेलं काम' असं लिही. आता मला सांग, शेडवर नक्की काय करतोस? कोणती प्रक्रिया, कोणता रॉड, किती जाडीचं मटेरियल?

वेल्डर_जालना

आर्क वेल्डिंग. 6013 रॉड, 3.15 चा जास्त, पातळ पाइपला 2.5. गेटला चौकोनी पाइप असतात. नांगराचा फाळ तुटला की जोडतो, तो जाड असतो, कडा ग्राइंड करून व्ही पाडावी लागते. मामा कटिंग करून देतात, टॅक आणि फुल वेल्ड मी करतो. संस्थेत गॅस वेल्डिंग, आर्क आणि मिगचे (वायर सतत पुढे येते ते वेल्डिंग) जॉब झाले. टिग (टंगस्टन इलेक्ट्रोडचं वेल्डिंग) सरांनी करून दाखवलं.

शिल्पनिदेशक

बघ, एका दमात किती सांगितलंस. असं लिही:

'फॅब्रिकेशन शेडवर सुट्टीत काम (नातेवाइकांचा व्यवसाय): एमएस चौकोनी पाइपचे गेट व ग्रिल, टॅकिंग आणि पूर्ण वेल्डिंग. आर्क वेल्डिंग, ई 6013 इलेक्ट्रोड, 2.5 व 3.15 मिमी. शेती अवजारांची दुरुस्ती: ग्राइंडरनं व्ही तयार करून वेल्डिंग.'

'संस्थेत: आर्क, गॅस, मिग. पोझिशन: ___'

ती रिकामी जागा तू भर. 1एफ, 2एफ (कोनातला फिलेट जोड), 1जी, 2जी (खाचेतला ग्रूव्ह जोड; आकडा कामाची स्थिती सांगतो) यांतल्या ज्या पोझिशन तू स्वतः केल्या आहेस त्याच. टिग लिहू नकोस, फार तर 'टिग: प्रात्यक्षिक पाहिलं आहे' एवढं. वेल्डरची टेस्ट हमखास घेतात आणि हातात टॉर्च आल्यावर सगळं उघडं पडतं. 6जी (तिरक्या, स्थिर पाइपचं अवघड वेल्डिंग) लिहून आलेली पोरं टेस्टला पाइपसमोर नुसती उभी राहिलेली मी पाहिली आहेत, वाईट वाटतं.

कोपा_ताई_सोलापूर

आमच्या कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटर) ट्रेडच्या मुलींसाठी लिहिते, कारण चर्चा सगळी मशीनचीच चालली आहे. आमच्या पोरी लिहितात 'एमएस ऑफिस, इंटरनेट'. हे आता प्रत्येकजण लिहितो. त्याऐवजी: एक्सेलमध्ये काय केलं? हजेरीपत्रक, व्हीलुकअप, पिव्होट टेबल? टॅलीत व्हाउचर एंट्री केली की जीएसटीसकट बिलं काढली? टायपिंगची राज्य परीक्षा परिषदेची परीक्षा दिली असेल तर भाषा आणि वेग लिहा, मराठी 30, इंग्रजी 40 असं. सहकारी पतसंस्था, दवाखाने, सीएंची ऑफिसं, सगळीकडे मराठी टायपिंगला मागणी आहे आणि मुली तेच शेवटच्या ओळीत दडवतात किंवा लिहीतच नाहीत.

लग्न, बाळंतपण यामुळे मध्ये खंड पडलेल्या मुली विचारतात की ते झाकायचं कसं. झाकू नका. वर्षं सरळ लिहा. त्या काळात घरच्या दुकानाचा हिशेब ठेवला असेल, बचत गटाच्या वह्या लिहिल्या असतील तर ते काम आहे आणि रेझ्युमेवर त्याला जागा आहे. माझी एक विद्यार्थिनी बचत गटाचं कर्जखातं एक्सेलवर ठेवायची. तिनं ते लिहिलं आणि पतसंस्थेच्या मुलाखतीत तेवढ्यावरच बोलणं झालं. आज ती तिथेच आहे.

डिप्लोमाची_आई

माझा मुलगा मेकॅनिकल डिप्लोमा करतो. पहिल्या वर्षी गणित राहिलं, एटीकेटी लागली. आता सगळे विषय सुटले, शेवटच्या वर्षाला चांगले टक्के आहेत. पण तो म्हणतो, आई, पहिल्या वर्षाचे टक्के लिहिले की कोणी बोलावणार नाही. काढून टाकू का?

चाकणची_एचआर

ताई, गुणपत्रिका आम्ही मागतोच, त्यामुळे लपवून उपयोग नाही आणि लपवलेलं सापडलं तर मात्र नुकसान होतं. पण प्रत्येक सेमिस्टर मांडायची सक्तीही नाही. डिप्लोमाचे अंतिम टक्के लिहा, 'सर्व विषय उत्तीर्ण, एकही बॅकलॉग शिल्लक नाही' असं लिहा. जाहिरातीत सगळ्या सेमिस्टरचे टक्के मागितले असतील तर सगळे द्या. विचारलं तर सरळ सांगायचं: पहिल्या वर्षी गणित जड गेलं, मग असा अभ्यास केला, सुटलं.

त्याच्या प्रोजेक्टचं आणि इंडस्ट्रियल ट्रेनिंगचं काय लिहिलंय ते मात्र मला पाहायला आवडेल. डिप्लोमाच्या मुलांचं खरं भांडवल तिथे असतं. चौघांनी मिळून प्रोजेक्ट केला असेल तर 'मी काय केलं' ते लिहावं. ड्रॉइंग ऑटोकॅडमध्ये काढलं की मटेरियल आणलं की फॅब्रिकेशन केलं. 'टीमनं यंत्र बनवलं' यातून मुलगा कळत नाही.

डिप्लोमाची_आई

त्यानं लिहिलंय, 'कांदा प्रतवारी यंत्र, ग्रुप प्रोजेक्ट'. एवढंच. मला माहीत आहे की फ्रेमचं वेल्डिंग सोडून बाकी सगळी जुळणी त्यानं केली, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बेअरिंगचा आवाज घालवत बसायचा.

चाकणची_एचआर

मग हेच लिहायला सांगा! 'शाफ्ट आणि बेअरिंगची जुळणी, अलाइनमेंट दुरुस्त करून आवाज कमी केला.' मेंटेनन्सवाल्यांना असा मुलगा हवाच असतो.

ब्रॅम्प्टनकर

मी कॅनडातल्या ओंटारिओत आहे. इथल्या करिअर कॉलेजांत शिकणारी मराठी मुलं रेझ्युमे दाखवायला येतात, म्हणून थोडी भर. इथे फोटो, जन्मतारीख, धर्म, वैवाहिक स्थिती यांपैकी काहीही लिहायचं नाही. वय, वंश, धर्म, कौटुंबिक स्थिती यावरून नोकरीत भेदभाव करायला ओंटारिओच्या मानवाधिकार कायद्यानं बंदी आहे, त्यामुळे मालकांना ती माहिती कागदावर नकोच असते. दहावीचे टक्केही कोणी विचारत नाही. उलट गणपती मंडळात स्वयंपाकघर सांभाळलं, फूड बँकेत स्वयंसेवक म्हणून गेलो, हे इथे आवर्जून लिहितात आणि वाचतात.

कव्हर लेटरला इथे बऱ्याच ठिकाणी वजन आहे. प्रत्येक जागेसाठी वेगळं लिहावं लागतं. आपली मुलं एकच पत्र चाळीस ठिकाणी पाठवतात आणि कंपनीचं नाव बदलायचं राहून जातं. दुसऱ्याच कंपनीचं नाव असलेलं पत्र वाचून पुढे कोण नेईल? भारतातला अनुभव लिहिताना कंपनी काय बनवते ते एका ओळीत सांगा, कारण वाळूजचं नाव इथे कोणाला माहीत नसतं.

मराठीमाध्यम

एक प्रश्न कोणी घेतला नाही. इंग्रजी कच्चं असलेल्या मुलानं काय करायचं? रेझ्युमे मराठीत चालेल का?

शिल्पनिदेशक

चांगला प्रश्न. लहान कारखान्यात मराठी अर्ज आजही चालतो. मोठ्या आणि बाहेरच्या कंपन्यांना इंग्रजी लागतं. पण ते इंग्रजी अवघड नसावं. आधी मराठीत लिहून काढा, मग छोट्या वाक्यांत उतरवा. ट्रेडचे शब्द तर तसेही इंग्रजीच आहेत, ते मुलांना चोख येतात. जो शब्द तुम्ही बोलत नाही तो कागदावर नको. हल्ली मुलं एआयकडून लिहून आणतात. भाषा गुळगुळीत, पण 'लीव्हरेज्ड' म्हणजे काय विचारलं की गप्प. शुद्धलेखन तपासायला घ्या त्याची मदत, मजकूर मात्र तुमच्या जर्नलमधून आला पाहिजे.

महावितरण, एसटी महामंडळ इथल्या अप्रेंटिस भरतीला मात्र तुमचा सजवलेला रेझ्युमे लागत नाही. तिथे ठरलेला अर्ज आणि कागदपत्रं. जाहिरात शेवटपर्यंत वाचा.

विदर्भ_इलेक्ट्रिशियन

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत ग्रामपंचायतीत काम केलं. महिना 8000 विद्यावेतन मिळायचं. ते नोकरी म्हणून लिहू का?

चाकणची_एचआर

'प्रशिक्षणार्थी' म्हणून लिहा, योजनेचं नाव आणि महिने टाकून. 2024 मध्ये ही योजना सुरू झाली, आम्हाला माहीत आहे. त्याच्याखाली काम लिहा. तुम्ही इलेक्ट्रिशियन आहात, तर पथदिवे, पाण्याच्या मोटरचं स्टार्टर, काय केलं?

विदर्भ_इलेक्ट्रिशियन

नळयोजनेच्या मोटरचं स्टार-डेल्टा पॅनल. कॉन्टॅक्टर बदलले, ओव्हरलोड रिले सेट केला. मेगरनं (इन्सुलेशन मोजायच्या मीटरनं) वाइंडिंग तपासायचो. उरलेल्या वेळात ऑफिसात बसायचो.

चाकणची_एचआर

ऑफिसचं सोडा. आधीचं सगळं लिहा, जसंच्या तसं.

सावधान_सांगली

मुलांनो, एक कळकळीची सूचना. रेझ्युमे जॉब साइटवर टाकला की आठवड्याभरात फोन यायला लागतात: 'तुमची निवड झाली, गणवेश आणि गेटपाससाठी अडीच हजार भरा.' आमच्या गल्लीतल्या दोघांचे पैसे असे गेले. नोकरी देणारी चांगली कंपनी तुमच्याकडून पैसे घेत नाही. ईमेल कंपनीच्या पत्त्यावरून आला आहे का ते बघा आणि कंपनीच्या वेबसाइटवरचा नंबर शोधून स्वतः फोन करा. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर कळवा, उशीर करू नका.

वेल्डर_जालना

सर, मी भरून बघितलं. वरती असं लिहिलंय:

'वेल्डर ट्रेड (एक वर्ष, एनसीव्हीटी). आर्क, गॅस, मिग. 1एफ, 2एफ, 1जी, 2जी स्वतः केले आहे. फॅब्रिकेशन शेडवर गेट, ग्रिल, अवजार दुरुस्तीचं काम. छत्रपती संभाजीनगर, पुणे कुठेही राहण्याची तयारी, सर्व शिफ्ट.'

छंद काढले. वडिलांचा फोन टाकला. अजून एक, दहावीच्या मार्कशीटवर माझं नाव आडनावानं सुरू होतं आणि आधारवर आईचं नाव पण आहे. कुठलं लिहू?

चाकणची_एचआर

रेझ्युमेवर मार्कशीटप्रमाणे लिही. पण क्रमच वेगळा आहे की स्पेलिंगही वेगळं आहे ते नीट बघ. स्पेलिंग वेगळं असेल तर आधार आत्ताच दुरुस्त करून घे. जॉइनिंगच्या वेळी पीएफ आणि बँक खात्यासाठी नाव जुळावं लागतं आणि तेव्हा मुलं दहा दिवस सेतू केंद्रात फिरत बसतात.

टूलरूम_भोसरी

पोरा, छान लिहिलंस. फाळ जोडतोस ना, ते 'अवजार दुरुस्ती'त दडलंय. 'ग्राइंडरनं व्ही तयार करून' हे शब्द पुन्हा घाल, सरांनी वर दिले होते ते. आणि तुझ्या शेडवरच्या दोन-तीन जोडांचे जवळून, उजेडात फोटो काढून मोबाईलमध्ये ठेव. मुलाखतीत विचारलं तर दाखव. वेल्डची बीड (जोडावरची धातूची रेघ) सरळ आली असेल तर मी तरी तेच आधी बघेन.

शिल्पनिदेशक

काकांची सूचना मी उद्यापासून सगळ्या बॅचला सांगणार आहे. फिटर, मशिनिस्टच्या मुलांनीही प्रॅक्टिकलला जॉब जमा करायच्या आधी त्याचा फोटो काढून घ्यावा, बाजूला स्टीलरूल ठेवून. जॉब एकदा स्टोअरला गेला की परत हाती लागत नाही.

वेल्डर_जालना, मसुदा चांगला झाला आहे. दोन दुरुस्त्या: पास झाल्याचं वर्ष राहिलं आहे, ते पहिल्याच ओळीत घाल. आणि मला व्यक्तिगत निरोपात जी पीडीएफ पाठवलीस तिच्यात तुझ्या मोबाईल नंबरचे नऊच आकडे आहेत.